गोंदियानं याद केलं

दसाराम कापगते या गृहस्थांना एके काळी मोतीबिंदू, हर्निया, दमा आणि सातवा महिना हे सगळं एकाच वेळी होतं. मी थट्टा करत नाही. सरकारी यंत्राचं तसंच म्हणणं होतं. प्रत्यक्षात दसारामजी म्हणजे सत्तरीकडे झुकलेला काटक माणूस. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला पांढरा दुपट्टा, गालात खर्रा आणि बुडाखाली एक सायकल, तिची घंटी सोडून बाकी सगळं वाजायचं. त्यांना साधी सर्दी झालेलीही गावानं पाहिली नव्हती.

ही सगळी दुखणी त्यांच्याकडे आली ती मोबाईलवरून.

आमचं गाव केशोरीच्या पुढं, जंगलाच्या कडेला. एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, दुसऱ्या अंगाला बोडी, म्हणजे लहान तळं. मोबाईलची रेंज गावात येत नाही. येते ती फक्त बोडीच्या पाळीवर, उंचवट्यावर, आणि तिथं एकच घर आहे, दसारामजींचं. त्यातही घरात येत नाही, अंगणातल्या मोहाच्या झाडाला येते. म्हणून दसारामजींचा मोबाईल झाडावर राहायचा. मोहाच्या खालच्या फांदीला एक शिंकं टांगलेलं, शिंक्यात बटणांचा जुना मोबाईल. पूर्वी त्या शिंक्यात दह्याचं गाडगं असायचं. बायको वारली, मग गाय विकली, शिंकं रिकामं झालं. पुढं भाच्यानं वापरून झालेला मोबाईल आणून दिला, तेव्हा दसारामजींनी तो त्यात ठेवला.

मी इथल्या आरोग्य केंद्रात औषधं देण्याचं काम केलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गावाला मी अजून कंपाउंडरच आहे. सकाळी जेवण झालं की केंद्राच्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतो, कुणी विचारलं नाही तरी सल्ला देतो. त्यामुळे पुढं जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यातलं थोडं तर मीच घडवलं आहे.

माझ्या काळात मोठ्या दवाखान्यात पाठवायचं म्हणजे डॉक्टर चिठ्ठी लिहीत. माणूस ती कमरेला खोचून एसटीनं अर्जुनीला, तिथून रेल्वेनं गोंदियाला जाई. पोचेपर्यंत घामानं अक्षरं उडालेली असत. मग या खिडकीवरून त्या खिडकीवर. पुष्कळ जण स्टेशनावरूनच परत येत आणि मला सांगत, "बरं वाटून रायलं आता." मलाही ते खरं वाटून घ्यायला सोयीचं होतं.

मग ते नवीन यंत्र आलं. डॉक्टर मॅडम टॅबवर पेशंटचं नाव टाकतात, दुखणं टाकतात, बटण दाबतात. माणूस व्हरांड्यातून उठायच्या आत त्याचं दुखणं गोंदियाला पोचलेलं असतं. तिकडून दिवस ठरतो आणि पेशंटच्या मोबाईलवर निरोप येतो. अमुक दिवशी, अमुक खोलीत या. नाव सांगितलं की काम सुरू. व्यवस्था उत्तम होती. फक्त तिला एक मोबाईल नंबर लागायचा.

"नंबर सांगा," मॅडमनी पहिल्या दिवशी जनाबाईला विचारलं.

जनाबाईनं बरोबर आलेल्या सुनेकडं पाहिलं. सुनेनं छताकडं पाहिलं. मग जनाबाई म्हणाली, "झाडावरचा टाका ना जी."

तिच्या पाठोपाठ सगळ्या गावानं झाडावरचाच नंबर दिला. ज्यांच्याकडे स्वतःचे मोबाईल होते त्यांनीही, कारण रेंज नसलेला मोबाईल गाणी ऐकायला ठीक, निरोपाला कुचकामी. अशा रीतीनं गावाची सगळी दुखणी दसारामजींच्या नावावर जमा होत गेली.

दुसरा कुणी वैतागला असता. दसारामजींना पदवी मिळाल्यासारखं झालं. त्यांनी शिंक्याला नवी दोरी लावली. बांधीत असले तरी कान मोहाकडे. रोवण्याच्या दिवसात चिखलातून धावत येऊन, हात धोतराला पुसून मोबाईल उतरवायचे. शिक्षण चौथीपर्यंतचं. मोबाईल हात लांब करून धरायचे आणि एकेक अक्षर मोठ्यानं लावायचे. दिवसेंदिवस तो हात अधिकच लांब होत गेला. पोरं म्हणायची, "आजोबा, झाडावरच राहू द्या त्याले, खालून वाचा."

दुखण्यांबद्दल बोलताना ते 'माझं' म्हणायचे. "माहा हर्निया परवा जाऊन रायला." "माहे दोन डोरे झाले, आता तीन बाकी हायेत." डोरे म्हणजे डोळे, आमच्याकडे पुष्कळदा 'ळ'चा 'र' होतो. नव्यानं आलेल्या सिस्टरला हे कुणी सांगितलं नव्हतं. दसारामजी तिला म्हणाले, "सिस्टर, माही शुगर लय वाढली, पायाले मुंग्या येतेत." तिनं त्यांना तिथंच बसवून बोटाला सुई टोचली. शुगर निघाली अगदी बेताची. "आजोबा, तुमची तर चांगली आहे," ती म्हणाली. दसारामजी बोट चोखत म्हणाले, "माही कायले पाहता जी? माही म्हंजे सगुणाबाईची."

गोंदियाहून कधी कधी फोनही यायचा. निरोप मिळाला का, तब्येत कशी आहे, असं एक मुलगी हिंदीतून विचारायची. एकदा गावातल्या एका सुनेसाठी असा फोन आला, तेव्हा मी तिथंच होतो, मोहाखाली. दसारामजी मोबाईल कानाला न लावता तोंडासमोर भाकरीसारखा धरतात, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकू येतं.

"आपका कौन सा महीना चल रहा है?" मुलीनं विचारलं.

"सातवा," दसारामजी खणखणीत आवाजात म्हणाले.

"जी... पैरों में सूजन है?"

"हाव. सांजच्या टायमाले आती है. सकाळी उतरते."

"आप... कौन बोल रहे हैं?"

"मैं उसका मोबाईल बोल रहा हूँ," दसारामजी म्हणाले.

मुलगी हसली असती तर मी समजू शकलो असतो. पण ती गंभीरपणे "अच्छा जी" म्हणाली आणि पुढचे प्रश्न विचारत राहिली. दसारामजींना सगळं ठाऊक होतं. भूक लागते का, चक्कर येते का, गोळ्या घेते का. "गोरी लाल हाय ना, लोखंडाची, ते नाय खात. तोंडाले वास येते म्हन्ते. आज मीच बसून खाऊ घालतो." मी पोट धरून हसत होतो. आज आठवतं तेव्हा वाटतं, त्या गोळ्या गावात सगळ्यात जास्त वर्षं मी वाटल्या. त्या पोटात गेल्या का, हे बघायला मात्र कुणाच्या ओसरीवर बसलो नाही.

पण दसारामजींची खरी ओळख म्हणजे त्यांची निरोप द्यायची पद्धत.

त्यांचा नियम होता, रस्त्यावर निरोप द्यायचा नाही. तुम्ही समोरून येत असाल, निरोप तुमचाच असेल आणि उद्याच जायचं असेल, तरी दसारामजी तुम्हाला तिथं काही सांगणार नाहीत. "घरी चाला" एवढंच म्हणतील. मग ते तुमच्या मागून येणार, सायकल कुंपणाला टेकवणार, चपला काढणार, अंगणात बसणार, पाणी मागणार. अर्धं पाणी पिणार, लोटा खाली ठेवणार, दुपट्ट्यानं तोंड पुसणार. तोवर घरातली सगळी माणसं भोवती जमलेली. मग ते म्हणणार, "घाबराचं नाही. गोंदियानं याद केलं."

त्यानंतर दिवस, खोली, बरोबर काय काय घ्यायचं ते. आधार कार्ड, जुन्या गोळ्यांची पाकिटं, दुसरं लुगडं, वाटी-चमचा, "तिथं पंखा लय जोरात रायते, कानाले फडकं घ्या." हे सगळं ते पेशंटकडून परत म्हणवून घ्यायचे. आणि शेवटी, उठता उठता, न चुकता एक प्रश्न, "सोबत कोन?"

कुणी असलं तर ठीक. कुणी नसलं तर क्षणभर ते आपल्या पायांकडे बघायचे आणि म्हणायचे, "बरं. मी येतो मंग. माहं बी तिकडं काम होतं." गोंदियाला त्यांचं काय काम असणार? पण असं काम त्यांना बरेचदा निघायचं.

या नियमापायी मनसारामच्या घरी जे झालं ते अजून सांगितलं जातं. मनसाराम केशोरीच्या बाजारात सुकी मासळी घेत होता. दसारामजी त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. चेहरा गंभीर, कारण निरोपाच्या वेळी त्यांचा चेहरा तसाच व्हायचा.

"घरी चाला," ते म्हणाले.

"काऊन? काय झालं?"

"इथं नोको. घरी चाला."

मनसारामच्या हातातली मासळी गळाली. त्याची आई म्हातारी, अंथरुणाला खिळलेली. तो तसाच धावत सुटला. वाटेत ज्यानं ज्यानं त्याला धावताना पाहिलं तोही धावला. मनसाराम अंगणात शिरला तो हंबरडा फोडतच. त्याचा हंबरडा ऐकून बायकांनी सूर धरला. आतून म्हातारीनं कुणीतरी गेलं असं समजून मनसारामच्याच नावानं रडायला सुरुवात केली. या गदारोळात दसारामजी सायकलवरून पोचले, चपला काढल्या, बसले आणि म्हणाले, "पानी द्या."

पाणी आलं. अर्धं प्याले. तोंड पुसलं.

"घाबराचं नाही," ते म्हणाले. "गोंदियानं याद केलं. हर्नियाचा दिवस आला."

मनसाराम त्यांना मारायलाच उठला होता. म्हातारी मात्र आतून म्हणाली, "बसू दे रे त्याले. चाय ठेवा." मनसारामचं ऑपरेशन चांगलं झालं. सोबत दसारामजीच गेले होते. मनसारामनं परत आल्यावर मला सांगितलं, "कंपाउंडर, तिथं माहं नाव घेऊन बोलावलं जी. मी काहीच नाही सांगतलं, त्याईले अगुदरच मालूम." त्याला त्या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं होतं. आजवर मोठ्या दवाखान्यात तो "ए बाबा, सरक" या नावानं ओळखला जात होता.

आता माझ्या भागाकडे येतो.

एकदा वरून एक साहेब तपासणीला आले. मॅडमनी कामाची माहिती दिली, साहेब खूश झाले. व्हरांड्यात चहा आला. मीही बाकावर होतो, मला चहाबरोबर श्रोताही मिळाला. मी म्हटलं, "साहेब, आमच्या गावात एक चमत्कार आहे. एका पुरुषाला सातवा महिना चालू आहे." साहेबांनी कप खाली ठेवला. मग मी सगळं रंगवून सांगितलं. झाड, शिंकं, "मैं उसका मोबाईल बोल रहा हूँ", माझे डोळे, माझा हर्निया. आवाज काढून दाखवले. साहेब इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम मात्र हसत नव्हत्या. त्या मला डोळ्यांनी काहीतरी खुणावत होत्या. मला रंग चढला होता, मी तिकडं लक्ष दिलं नाही.

डोळे पुसून झाल्यावर साहेब मॅडमना म्हणाले, "हे बरोबर नाही. दुसऱ्याचं दुखणं असं तिसऱ्याच्या मोबाईलवर जाता कामा नये." त्यांच्या बाजूनं ते खरंच होतं. माणूस चांगला होता, त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. थोड्याच दिवसांत यंत्रानं झाडावरचा नंबर घ्यायला नकार दिला. नंबर पेशंटचा हवा, नाहीतर घरच्या माणसाचा हवा, आणि त्या माणसाचं नातंही सांगायला हवं.

गावात बातमी पसरली की कॉम्प्युटरनं दसारामजींचा नंबर कापला. मीही तेच म्हटलं. "कॉम्प्युटरपुढं कुणाचं काय चालतं," असं मी चार लोकांत म्हणालो आणि मॅडम माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

दसारामजींना मी स्वतः सांगितलं, रस्त्यातच. ते सायकल धरून उभे होते. म्हणाले, "यंत्रालेबी वजन झालं असन जी. एका नंबरवर किती दुखनी उचलन थे?"

त्यांना यंत्राची दया आली होती.

त्यानंतर लोक आपापले नंबर देऊ लागले. एखाद्याचा मुलगा हैदराबादेला बांधकामावर, त्याचा नंबर. एखादीचा जावई गोरेगावला, त्याचा नंबर. निरोप वेळेवर जायचे, हैदराबादला. पेशंट इथं ओसरीवर. मुलगा संध्याकाळी कामावरून येऊन मोबाईल बघणार, त्यात रिचार्जच्या जाहिराती, क्रिकेट, कुणाच्या लग्नाचे फोटो. त्याच्याखाली आईचा डोळा. सगुणाबाईची तारीख अशीच गेली. मॅडम वैतागून म्हणाल्या, "काका, निरोप पोचतो हो. माणसापर्यंत पोचत नाही."

दसारामजी तरीही काही दिवस घरोघरी जात राहिले. सायकल टेकवायचे, चपला काढायचे, बसायचे. लोक पाणी द्यायचे. ते अर्धं प्यायचे, आणि मग सांगायला काही नसायचं. "गोंदियाचं काही?" असं उलट तेच विचारायचे. "आता पोराच्याच फोनवर येते ना जी," लोक म्हणायचे. ते उरलेलं पाणी पिऊन उठायचे. पुढं त्यांनी जाणंही सोडलं. मी मॅडमना सांगून, साहेबांना अर्ज करून काहीतरी करू शकलो असतो. पण त्यासाठी आधी मी काय केलं ते बोलावं लागलं असतं. मी बाकावर बसून राहिलो.

धान कापून झालं, चुरणं म्हणजे मळणी झाली. थंडी पडली. माझ्या घराच्या गच्चीवर एका कोपऱ्यात थोडी रेंज येऊ लागली होती. मी कपडे वाळत घालायला गेलो की खिशातला मोबाईल वाजायचा. एक दिवस निरोप आला. 'आपल्या संदर्भ सेवेची तारीख निश्चित झाली आहे...' माझी तब्येत ठणठणीत. गोंदियानं माझी याद करायचं कारण नव्हतं. मला वाटलं, चुकून आला. काही दिवसांनी आठवण करून देणारा दुसरा आला, तोही मी तसाच सोडला. सगळी हयात लोकांना "पाकिटावर काय लिहिलंय ते शेवटपर्यंत वाचा" म्हणण्यात गेली. मी स्वतः दोन ओळींपुढं गेलो नाही.

मग एका सकाळी व्हरांड्यात सिस्टर म्हणाली, "कंपाउंडर काका, दसाराम आजोबा काल गोंदियाला का नाही गेले? तिकडून विचारणा झाली."

"मला काय ठाऊक?"

"तुमच्या मोबाईलवर निरोप आला असेल ना. त्यांनी तुमचाच नंबर दिला. मी म्हटलं, आजोबा, तुमचा नंबर आता मोकळा आहे, तोच टाकते. नको म्हणाले. कंपाउंडरचा टाका म्हणाले. नातं काय लिहू विचारलं, तर म्हणाले, घरचेच हायेत."

मी खिशातून मोबाईल काढला आणि निरोप शेवटपर्यंत वाचला. दसाराम कापगते. नेत्र विभाग. दोन्ही डोळे, मोतीबिंदू. इतक्या लोकांचे डोळे वाहून नेणाऱ्या माणसाला हे पहिलं स्वतःचं दुखणं झालं होतं. आणि तो लांब होत गेलेला हात मी रोज बघत होतो, हसत होतो.

मॅडमनी तिथल्या तिथं टॅब उघडला, दुसरी तारीख मागितली. आली, चार दिवसांनंतरची. "काही बिघडलेलं नाही काका," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू आहे, थोडं थांबला तर चालतं." मग म्हणाल्या, "फोन नका करू त्यांना."

ते मलाही कळत होतं.

बोडीच्या पाळीवर गेलो. अंगण शेणानं सारवलेलं, ताजं. दसारामजींनी सकाळीच आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलेलं. मोहाच्या फांदीला शिंकं, त्याच्या शेजारी खुंटीला कापडी पिशवी भरलेली. पिशवीतून वाटीची कड दिसत होती, वर कानाला बांधायचं फडकं. खाटेजवळ चटई अंथरलेली आणि तिच्याजवळ पाण्याचा लोटा, ताटलीनं झाकलेला. हे सगळं त्या दिवसापुरतं नव्हतं. शेजारच्या वावरातली बाई नंतर म्हणाली, रोज सकाळी हेच असायचं. सारवायचे, पिशवी काढून ठेवायचे, लोटा भरायचे आणि वाटेकडे तोंड करून बसायचे. आपली तारीख येऊन गेली हे त्यांना माहीतच नव्हतं. माहीत होणार कसं? निरोप माझ्याकडे होता.

"कोन थे?" त्यांनी विचारलं. सायकलचा आवाज नाही, चेहरा दिसत नाही.

"मी. कंपाउंडर." आणि मी कुंपणाबाहेरूनच सुरू झालो, "दसारामजी, अहो तुमची तारीख..."

त्यांनी हात वर केला. "अंदर या. बसा."

मी चपला काढल्या. चटईवर बसलो. त्यांनी चाचपडत लोटा पुढं सरकवला. मी अर्धं पाणी प्यालो. रुमालानं तोंड पुसलं. आयुष्यात इतक्या सावकाश मी पाणी प्यालो नसेन.

"आधी एक सांगा," मी म्हटलं. "झाडावर तुमचा मोबाईल आहे, चालू आहे. माझा नंबर काऊन दिला?"

ते जरा अवघडले. खर्रा या गालातून त्या गालात नेला.

"माह्या मोबाईलवर आलं असतं, त मलेच समजलं असतं ना जी," ते म्हणाले. "सांगाले कोन आलं असतं?"

मोहाची पानं हलत होती. शिंकं हलत होतं. ते वाट बघत होते, मान थोडी पुढं काढून. इतक्या अंगणांत जे वाक्य त्यांनी दिलं होतं ते त्यांच्या अंगणात आजवर कुणी आणलं नव्हतं.

"घाबराचं नाही," मी म्हटलं. "गोंदियानं याद केलं."

दसारामजी असे हसले, जसं पोर जत्रेत हसतं. मग लगेच गंभीर झाले, कारण निरोप अजून पुरा झाला नव्हता. मी दिवस सांगितला, खोली सांगितली. त्यांनी ते माझ्यामागून म्हटलं. आधार कार्ड. वाटी-चमचा. कानाला फडकं. सगळं बिनचूक, ते शिकवणारे तेच होते. मी उठायला लागलो. ते तसेच बसून राहिले, तोंड माझ्याकडे, आणि मला कळलं की एक गोष्ट राहिली आहे.

"सोबत कोन?" मी विचारलं.

त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं, जरी ते त्यांना नीट दिसत नव्हते.

"मी येतो," मी म्हटलं. "माझंही तिकडं काम होतं."

गोंदियाला त्यांना नाव घेऊन बोलावलं. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीनं त्यांचा आवाज ऐकला आणि मान वर केली. "आप... मोबाईल वाले दादाजी?" तिनं विचारलं. दसारामजी म्हणाले, "हाव. आज मैं खुद आया हूँ." ती उठून त्यांच्या पाया पडली. मी मागं पिशवी धरून उभा होतो.

आता दोन्ही डोळे चांगले आहेत. हात पुन्हा आखूड झाला आहे. मॅडमनी वर लिहून एक मार्ग काढला आहे. निरोप घरच्याच्या मोबाईलवर जातो आणि पेशंटची हरकत नसेल तर एक प्रत झाडावरही येते. सायकल पुन्हा फिरू लागली आहे.

नंबर कुणी कापला, हे मात्र अजून गावात कॉम्प्युटरच्या नावावर आहे. जाताना रेल्वेत सांगणार होतो. समोर बसलेले दसारामजी खिडकीबाहेर तोंड करून वाऱ्याचा वास घेत होते, आणि मी म्हटलं, प्रवासात नको. येताना डोळ्याला पट्टी होती, म्हटलं, पट्टीवर नको. ती सबब होती. म्हणून इथं लिहून टाकलं आहे. कॉम्प्युटरचा काही दोष नाही. तो मी होतो.

हे छापून आलं की बोडीच्या पाळीवर जाईन आणि मीच वाचून दाखवीन. रस्त्यात सांगणार नाही. कुंपणाशी चपला काढीन, चटईवर बसेन, पाणी मागेन, अर्धं पिईन. त्यानंतर 'घाबराचं नाही' असं म्हणावं लागतं. ते त्या दिवशी कुणी कुणाला म्हणायचं, हे अजून माझं ठरलेलं नाही. बहुतेक तेच म्हणतील.